तेल कंपनी कंटेनरभर सामान देतेय. करारात आणखी काय मागावं?

प्रश्न लांबलचक आहे, त्याचा गाभा एवढाच: किनाऱ्यावरचं छोटं शहर, शहराला खेटून तेलाच्या टाक्या आणि जेट्टी असलेलं टर्मिनल. कंपनीने नगरपालिकेला तेलगळतीसाठी कंटेनरभर सामान देऊ केलंय. त्यात तरंगते बूम, म्हणजे पाण्यावर तेल अडवणारे लांब पट्टे आहेत, पाण्यावरचं तेल उचलणारं यंत्र, म्हणजे स्किमर आहे, तेल शोषणाऱ्या पट्ट्यांचे गठ्ठे आहेत. सोबत दोन पानांचा सामंजस्य करार आलाय. विचारणारे आपत्ती व्यवस्थापनाचं काम पाहतात आणि त्यांना कळत नाहीये की सही करावी की नाही, आणि करायची तर आणखी काय मागून घ्यावं.

मी या कामात बावीस वर्षं आहे. पहिली नऊ टर्मिनलच्या नोकरीत गेली, त्यानंतरची स्थानिक संस्थांना आराखडे करून देण्यात आणि त्यांचे सराव घेण्यात. दोन्हीकडच्या खुर्च्या उबवून झाल्यात, त्यामुळे दोन्हीकडच्या सबबी तोंडपाठ आहेत.

सही करा. सामानही घ्या. पण सामान हा अशा करारातला सगळ्यात सोपा भाग असतो. कंपनीला तो द्यायला परवडतो, फोटो छान येतो आणि विषय मिटल्यासारखा वाटतो. तुमचा खरा प्रश्न दुसराच आहे: तेल किनाऱ्याकडे यायला लागल्यावर पहिल्या सहा-आठ तासांत कोण कुणाला न विचारता काय करू शकतो, आणि गोळा केलेली घाण त्याच रात्री कुठे ठेवायची? तुमच्या दोन पानांत या दोन्हीबद्दल एक ओळ नाही.

आधी एक समजूत काढून टाकू. पाण्यावर सांडलेलं तेल पाण्यावरूनच उचलता येईल असं सगळ्यांना वाटतं. मोठ्या गळतीत सगळं जुळून आलं तरी समुद्रावरून परत मिळणारं तेल 10 ते 15 टक्क्यांच्या वर क्वचितच जातं. 2010 साली मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या तराफ्याच्या अपघातानंतर हजारो बोटी कामाला लावल्या होत्या, तरी स्किमरने उचललेलं तेल सरकारी हिशोबात 3 टक्क्यांच्या आसपास भरलं. बाकीचं उडून जातं, लाटांत मिसळतं, काही जाळतात, आणि उरलेलं किनाऱ्याला लागतं. समुद्रावरची जबाबदारी बहुतेक देशांत तटरक्षक दलाकडे किंवा बंदर खात्याकडे असते. पुळणीवर फावडं घेऊन उभा राहणारा माणूस मात्र बहुतेक ठिकाणी नगरपालिकेचाच असतो. म्हणून कंपनीशी बोलताना आपण मदत मागणारे आहोत असा सूर लावू नका. शेवटचं काम तुमच्या अंगावर येणार आहे.

आता काय कशावर अवलंबून आहे ते सांगतो, कारण तुम्ही एक गोष्ट लिहिलेलीच नाही: टाक्यांत आहे काय? पेट्रोल असेल तर बूम टाकायला धावायचंच नाही. वाफेचा भडका उडण्याची भीती असते, तिथे माणसं लांब ठेवणं हेच काम. डिझेल बरंचसं दोन-तीन दिवसांत पसरून, उडून, विरून जातं. फर्नेस ऑइल किंवा जड कच्चं तेल हा वेगळाच प्रकार. ते पाणी पिऊन फुगतं, तपकिरी, लोण्यासारखा चिकट लगदा होतो आणि आकारमान तिप्पट-चौपट होतं. 1993 साली स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांजवळ ब्रेअर जहाजातून सुमारे 85,000 टन कच्चं तेल गेलं, पण ते हलकं होतं आणि वादळ इतकं जबरदस्त होतं की बहुतेक सगळं समुद्रातच विखुरलं. 1999 च्या डिसेंबरात फ्रान्सच्या किनाऱ्यासमोर एरिका हे तेलवाहू जहाज बुडालं, त्यातून सुमारे 20,000 टनच जड तेल सांडलं, आणि ते कित्येकशे किलोमीटर किनाऱ्याला माखलं. तेव्हा टन किती, यापेक्षा तेल कुठलं हे आधी विचारा. टर्मिनलने कुठल्या टाकीत काय, याची यादी तुम्हाला द्यावी आणि बदल झाला की कळवावं, हे करारातलं पहिलं कलम.

बूमबद्दलही थोडं, कारण सगळा जीव तिथेच अडकतो. बूम म्हणजे भिंत नव्हे. पाण्याचा प्रवाह बूमवर सरळ आपटत असेल आणि त्याचा वेग 0.7 नॉटच्या वर, म्हणजे सेकंदाला साधारण 35 सेंटिमीटरच्या वर गेला, की तेल बूमच्या खालून निसटायला लागतं. उधाणाच्या दिवसांत खाडीच्या मुखाशी याच्या दुप्पट-तिप्पट ओढ सहज असते. म्हणून तिथे बूम आडवा न टाकता तिरका लावतात आणि तेल एका कडेला वळवतात. कुठल्या कडेला? जिथे गाडी पाण्याजवळ पोहोचते आणि चाकं रुतत नाहीत, त्या कडेला. तिथून तेल ओढून घ्यायला सगळ्यात कामाची गाडी कुठली म्हणाल, तर मैला उपसणारा तुमचा सक्शन टँकर! कंपनीच्या कंटेनरात हे काहीच नसतं. रस्ता कुठवर जातो, कुठली गटारं खाडीत उघडतात, कुठल्या झडपा गंजून अडकल्यात, हे तुमच्या स्वच्छता निरीक्षकाला माहीत असतं. भागीदारीत तुमचा वाटा हा आहे, आणि तो लहान नाही.

सामानावर माझा विश्वास का कमी, ते सांगतो. एका टर्मिनलचा सराव बघायला गेलो होतो. सकाळी सातला भोंगा झाला, माणसं धावत कंटेनरपाशी आली. कुलूप गंजलेलं आणि किल्ली रजेवर गेलेल्या स्टोअरकीपरच्या घरी. शेवटी ग्राइंडर आणून कडी कापली, त्यात पाऊण तास गेला. आत बूम होते, पण दोन वेगवेगळ्या वर्षांत दोन वेगवेगळ्या बनावटीचे घेतलेले. त्यांची टोकं एकमेकांत बसेनात, म्हणून काथ्याच्या दोरीने बांधले. नांगराची दोरी ओहोटीच्या वेळी पुरली असती, भरतीला नाही. शोषक पट्ट्यांच्या एका गठ्ठ्यात तर उंदरांनी संसार थाटला होता. पहिला बूम पाण्यात पडला तेव्हा पावणेबारा झाले होते. कागदावर वेळ लिहिलेली होती एक तास.

हे फक्त छोट्या ठिकाणी होतं असं नाही. 24 मार्च 1989 ला अलास्कात प्रिन्स विल्यम साउंडमध्ये एक्सॉन व्हाल्डेझ हे तेलवाहू जहाज खडकावर चढलं, सुमारे 37,000 टन तेल गेलं. सामान घेऊन बार्ज (सपाट मालवाहू होडी) पाच तासांत पोहोचेल असं आराखड्यात म्हटलं होतं. ती बार्ज दुरुस्तीसाठी रिकामी करून ठेवलेली होती. ती भरून जागेवर न्यायला बारा तासांहून जास्त लागले.

म्हणून कंपनीकडे सामानाच्या जोडीला सराव मागा. वर्षातून दोन, त्यातला एक न सांगता, आणि एक उधाणाच्या भरतीत. सोयीच्या दिवशी, मंद वाऱ्यात, पाहुण्यांसमोर केलेल्या सरावातून काही कळत नाही. कंटेनर उघडायला किती वेळ लागला, पहिला बूम कधी पडला, तुमची गाडी कधी पोहोचली, हे घड्याळ लावून लिहा आणि तोच कागद पुढच्या वर्षी समोर ठेवा. सामानाची देखभाल कोण करणार आणि दुरुस्तीला गेलं तर बदली काय, हेही आत्ताच लिहून घ्या. नाहीतर चार वर्षांनी ते कंटेनर तुमच्या मालमत्ता नोंदवहीत एक ओळ होऊन बसेल आणि लेखापरीक्षक तुम्हालाच विचारेल.

आता कळवण्याबद्दल, आणि इथे माझीच एक चूक कबूल करतो. टर्मिनलवर असताना एकदा रात्री जेट्टीच्या नळीतून गळती झाली. थोडीच असावी असं वाटलं. "आधी खात्री करून घेऊ" म्हणून आम्ही शहराला तीन तास कळवलंच नाही. तोवर ओहोटी लागून तेल जेट्टीपासून निघालं होतं आणि सकाळी माशांच्या लिलावाच्या वेळी धक्क्याला लागलं. खोटं बोलायचा कुणाचाच हेतू नव्हता. कंपनीत बसलेल्या माणसाला कळवणं म्हणजे चूक मान्य करणं वाटतं, एवढंच. हा अडथळा माणसांच्या चांगुलपणाने दूर होत नाही, कलमाने होतो: किती लिटर ते न पाहता, नुसता संशय आला तरी अर्ध्या तासात फोन, आणि असा फोन केला म्हणून कंपनीची चूक मानली जाणार नाही, असं साफ लिहा. दुसरं वाक्य महत्त्वाचं. ते नसलं तर पहिलं कुणी पाळत नाही.

फोन कुणाला? पदाचं नाव लिहू नका, नुसता कार्यालयाचा नंबर तर मुळीच नको. दोन्हीकडून तीन-तीन माणसं, क्रमाने, रात्रीच्या नंबरासह, आणि दर तीन महिन्यांनी लावून बघितलेले. या तिघांना अधिकार काय, तेही ठरवा. खाडीकडची झडप बंद करायची, किनारा लोकांना बंद करायचा, जेसीबी आणि टँकर बोलवायचे, एका ठरावीक रकमेपर्यंत खर्च करायचा, हे सगळं ठराव न करता. पालिकेची सभा बोलावून मंजुरी घेईपर्यंत दोन भरत्या येऊन जातात. ही आगाऊ मंजुरी मिळवणं हे माझ्या अनुभवात सगळ्यात कटकटीचं काम आहे. कंपनीपेक्षा तुमचं स्वतःचं लेखा खातं जास्त आडवं येईल. त्याची तयारी ठेवा.

नकाशाचं काम त्यामानाने मजेचं. पाण्यावरचं तेल प्रवाहाबरोबर जातं आणि वर वाऱ्याच्या वेगाच्या साधारण 3 टक्के वाऱ्याच्या दिशेने ढकललं जातं. या हिशोबावर कंपनीकडे संगणकी नकाशे असतात, ते मागून घ्या. पण तेवढ्यावर थांबू नका. एका बैठकीत आम्ही असाच रंगीत नकाशा भिंतीवर लावला होता. मागे बसलेला एक म्हातारा तांडेल उठला आणि बोट ठेवून म्हणाला, "वाहून आलेली लाकडं, तुटकी जाळी, चपला, सगळं या कोनाड्यात लागतं. तुमचं तेल काय वेगळं जाणार?" कोनाड्यासमोरचा खडक आमच्या नकाशात नव्हताच. तिथे मागे कांदळवन होतं. वाळूवरचं तेल खरवडता येतं, कांदळवनाच्या चिखलात शिरलं की माणसं आत घालून उलट ते आणखी खोल तुडवलं जातं. तेव्हा आधी काय वाचवायचं याचा क्रम शांतपणी, मच्छीमारांना सोबत बसवून ठरवा. सगळं वाचवू म्हणणारा आराखडा काहीच वाचवत नाही.

मच्छीमारांच्या बोटींचंही तेच. एक्सॉन व्हाल्डेझनंतर प्रिन्स विल्यम साउंडमध्ये शेकडो मासेमारी बोटींशी आधीच करार केलेले असतात, त्यांच्या माणसांना दरवर्षी बूम ओढायचं प्रशिक्षण मिळतं आणि त्याचे पैसे तेलवाहतूक करणारी मंडळी देतात. गळतीच्या दिवशी बोटी गोळा करायला गेलात तर ज्याची ओळख त्याची बोट, असं होतं. गावात त्याची भांडणं तेल गेल्यावरही राहतात.

आता घाण. यावर मी जरा जास्त बोलतो, कारण यावर कुणीच बोलत नाही. एरिकातून सांडलं सुमारे 20,000 टन, किनाऱ्यावरून गोळा झालेला तेलकट कचरा 2 लाख टनांहून जास्त. म्हणजे दहापट! वाळू, शेवाळ, पोती, हातमोजे, पट्ट्या, सगळंच तेलकट होतं. मी पाहिलेल्या एका गळतीत पहिल्या दिवशी उत्साहाने शेकडो पिशव्या भरल्या. माणसं फावड्याने वीतभर खोल चांगली वाळूही उचलत होती, कारण किती खरवडायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. पिशव्या साध्या प्लॅस्टिकच्या. त्या पुळणीवरच रचून ठेवल्या, कारण न्यायच्या कुठे हे ठरलं नव्हतं. दुपारच्या उन्हात पिशव्या मऊ पडून फाटायला लागल्या आणि रात्रीच्या भरतीने खालच्या दोन रांगा उचलून नेल्या. दुसऱ्या दिवशी तेच तेल परत गोळा केलं, आता पिशव्यांसकट.

म्हणून करारात कचऱ्याची जागा गट नंबरासह लिहा. भरतीच्या रेषेच्या वर, विहिरींपासून लांब, जड गाडी जाईल अशी, खाली जाड ताडपत्री, भोवती बांध. प्रदूषण नियंत्रण करणाऱ्या खात्याची तात्पुरत्या साठ्याची परवानगी आत्ताच घेऊन ठेवा. पातळ तेल, तेलकट वाळू आणि पोती-पट्ट्या वेगवेगळ्या ठेवायच्या. एकत्र झाल्या की विल्हेवाटीचा खर्च कुठल्या कुठे जातो. पुढे हा माल कुठे आणि कुणाच्या खर्चाने जाणार, त्याची जबाबदारी कंपनीवर टाका. जागा तुमची, विल्हेवाट त्यांची, ही वाटणी मला न्याय्य वाटते.

स्वयंसेवकांबद्दल दोन ओळी. 2007 च्या डिसेंबरात दक्षिण कोरियात तएआनजवळ हेबेई स्पिरिट या टँकरमधून 10,000 टनांहून जास्त तेल गेलं तेव्हा दहा लाखांहून अधिक लोक साफसफाईला आले. 2020 साली मॉरिशसला वाकाशिओ हे मालवाहू जहाज 25 जुलैला खडकावर चढलं, तेल सुटलं 6 ऑगस्टच्या सुमारास, आणि गावकऱ्यांनी उसाचं पाचट कापडात भरून स्वतः बूम शिवले. लोक येणारच, तुम्ही बोलवा किंवा बोलवू नका. त्यांना हातमोजे, बूट, पाणी, सावली आणि एक मुकादम मिळेल एवढी तजवीज ठेवा. ताज्या तेलाच्या वासात पहिल्या दिवशी कुणालाच उतरवू नका.

पैशांचं गणित तेल कुठून आलं त्यावर फिरतं. टँकरमधून कच्चं किंवा जड तेल सांडलं तर टँकरमालकाचा विमा आणि त्याच्यावर आंतरराष्ट्रीय भरपाई निधी, पण तुमचा देश त्या करारांत असेल तरच. मालवाहू जहाजाचं इंधन सांडलं तर 2001 चा बंकर करार, जो 2008 पासून लागू आहे. टर्मिनलची टाकी किंवा पाइपलाइन फुटली तर यातलं काहीच लागत नाही. तिथे देशाचा कायदा आणि कंपनी. तिन्हींत एक गोष्ट सारखी: आधी खर्च तुम्ही करता, मागणी नंतर, आणि कागद नसेल तर पैसे नाहीत. कोण किती तास राबला, कुठली गाडी किती फेऱ्या, डिझेलची पावती, तारीख-वेळेसह फोटो. एक लिपिक पहिल्या तासापासून फक्त याच कामाला बसवा. आणि कंपनीने पहिल्या काही दिवसांच्या खर्चासाठी आगाऊ रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी, हे मागून बघा. नाही म्हणतील, मग निम्म्यावर येतील.

कंपनीच्या पैशाने काम केलं तर तिच्याविरुद्ध बोलता येईल का, ही तुमची शंका रास्त आहे. यावर दोन नमुने बघण्यासारखे आहेत. शेटलंडच्या स्थानिक परिषदेने सलम व्हो टर्मिनल येण्याआधीच, 1974 साली, खास कायदा करून घेऊन बंदराचा ताबा स्वतःकडे ठेवला. तरीही तेल येऊ लागून दोन महिने व्हायच्या आत, 1978 च्या डिसेंबरअखेर, एसो बर्निशिया हा टँकर जेट्टीला धडकून हजार टनांहून जास्त इंधन सांडलंच; पण हुकूम कुणाचा चालतो हा घोळ नव्हता. दुसरा नमुना अलास्कातला. 1990 च्या अमेरिकन कायद्याने तिथे नागरिकांची सल्लागार परिषद बंधनकारक केली. पैसे उद्योगाचे, पण परिषदेत गावं, मच्छीमार, मूळ रहिवासी बसतात आणि ती कंपनीचे आराखडे जाहीरपणे तपासते. छोट्या शहराला एवढं झेपणार नाही. पण सराव कसा झाला याचा अहवाल कंपनीची परवानगी न घेता प्रसिद्ध करायचा हक्क, एवढं एक कलम तरी ठेवाच.

चूक फक्त कंपन्याच करतात असंही नाही. 2010 ला त्याच डीपवॉटर होरायझनच्या गळतीत अमेरिकेतल्या लुइझियानात राज्याच्या पुढाऱ्यांनी तज्ज्ञांचा विरोध असताना समुद्रात वाळूचे बांध घालायचा हट्ट धरला. गळतीवाल्या बीपी कंपनीने 36 कोटी डॉलर मान्य केले. अध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाच्या म्हणण्याप्रमाणे त्या बांधांनी अडवलेलं तेल जेमतेम हजार पिंपं भरलं, गळती होती सुमारे 49 लाख पिंपांची. आपल्याच किनाऱ्यासमोर बूम दिसला पाहिजे म्हणून तेव्हा प्रत्येक परगणा भांडत होता. तुमच्याकडेही नगरसेवक म्हणतील, आमच्या वॉर्डासमोर का नाही? म्हणून तो वाचवण्याचा क्रम आधीच सभेत मंजूर करून घ्या.

तर करारात माझ्या मते एवढं यायला हवं: टाक्यांची यादी, अर्ध्या तासात फोन, नावानिशी माणसं आणि त्यांचे अधिकार, घड्याळ लावलेले दोन सराव, कचऱ्याची जागा आणि विल्हेवाट, बोटींचे करार, आगाऊ रक्कम, अहवाल छापायचा हक्क. सामानाची यादी परिशिष्टात जाऊ दे. सगळं एकदम मिळणार नाही. निवडायची वेळ आली तर फोन, सराव आणि कचऱ्याची जागा सोडू नका, बाकीचं पुढच्या वर्षी.

टाक्यांत काय आहे आणि उधाणाला खाडीच्या मुखाशी ओढ किती असते, हे दोन कळवा. ओढ मोजायला यंत्र लागत नाही. धक्क्याला समांतर दहा मीटर मोजून खुणा करा, वरच्या खुणेपाशी नारळ टाका आणि खालच्या खुणेपर्यंत जायला किती सेकंद लागतात ते बघा. 28 सेकंदांपेक्षा लवकर गेला तर आडवा बूम विसरा. मग तिरका कुठे लावायचा ते नकाशावर खूण करून पाठवतो.